एका मोठ्या संख्येची कुळकथा

१,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार, एकोणपन्नास. दिवसभराचा कामधंदा आटोपून वसंतातल्या संध्याकाळी आपण येथे जमला आहात. इतिहासावर बोलावयास उभे राहिलेल्या माणसाने आरंभीच एवढा मोठा आकडा पुढे ठेवावा, याचे काहींना नवल वाटेल. इतिहास असतो तो लढायांचा, तहांचा, राजघराण्यांचा. आकड्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु या एका संख्येला जवळजवळ चौदाशे वर्षांची कुळकथा आहे. तीत राजस्थानातला एक ज्योतिषी आहे, सह्याद्रीच्या परिसरातला एक आचार्य आहे, फ्रान्समधला एक न्यायाधीश आहे. आणि ज्याचा या संख्येशी काहीही संबंध नाही, तरी सारा मान ज्याच्या नावे जमा झाला, असा एक इंग्रज गृहस्थही आहे. शिवाय, या कथेत आपणा सर्वांना थोडे लाजविणारेही एक प्रकरण आहे. ते आम्ही शेवटी सांगू.

आधी त्या संख्येचा गुण कोणता तो पाहू. प्रश्न असा आहे : एखादी पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्या वर्गाला ६१ ने गुणा आणि गुणाकारात १ मिळवा. जे उत्तर येईल ते पुन्हा पूर्ण वर्ग असले पाहिजे. अशी लहानात लहान संख्या कोणती?

ऐकावयास हा शाळेतल्या मुलाचा प्रश्न वाटतो. ६१ च्या शेजाऱ्यांची चौकशी केली तर तसे वाटणेही साहजिक आहे. ६० घ्या. चाराचा वर्ग सोळा. सोळाची साठपट नऊशे साठ. त्यात एक मिळविला की नऊशे एकसष्ट, आणि हा एकतीसचा वर्ग होय. म्हणजे ६० ला ४ हे उत्तर. ६२ घ्या. आठाचा वर्ग चौसष्ट. त्याची बासष्टपट ३९६८. एक मिळवून ३९६९, हा त्रेसष्टचा वर्ग. म्हणजे ६२ ला ८ हे उत्तर. ६३ ला तर नुसता १ पुरतो, कारण त्रेसष्ट आणि एक चौसष्ट. आता या साध्यासरळ शेजाऱ्यांच्या मध्ये बसलेल्या ६१ कडे वळा. त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे. या संख्येच्या वर्गाची एकसष्टपट करून तीत एक मिळविला म्हणजे ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ ही एकोणीस अंकी संख्या येते. आणि तिचे वर्गमूळ तेच, आरंभी सांगितलेले, १,७६,६३,१९,०४९.

एकापासून आरंभ करून एकेक संख्या तपासत जाऊ, असे कोणी म्हणेल, तर त्याने आधी हिशेब करावा. दर सेकंदाला एक संख्या तपासली, आणि जेवण, झोप, सणवार काही मानले नाही, तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. दर मिनिटाला एक या बेताने काम केले, तर चारशे तीस वर्षे. आजचा संगणक हे काम क्षणात उरकतो, हे खरे. पण आम्ही ज्या काळाविषयी बोलत आहोत त्या काळात गणिताची साधने म्हणजे धुळीची पाटी, बोट आणि डोके एवढीच होती. तेव्हा हे उत्तर ज्याने काढले, त्याने चाचपडून काढलेले नाही. त्याच्याजवळ रीत होती, हे या संख्येचा आकारच सांगतो.

युरोपातली हकीकत प्रथम सांगतो, कारण जगाने पुष्कळ काळ तेवढीच ऐकली होती. १६५७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात तूलूझ येथील न्यायसभेचा सभासद पिएर फेर्मा याने गणित्यांना एक आव्हान दिले. जी संख्या स्वतः वर्ग नाही, अशी कोणतीही संख्या घेतली तरी वरच्या प्रश्नाला उत्तरे असतातच, आणि ती अगणित असतात; ती काढण्याची सर्वसामान्य रीत सांगा, असे ते आव्हान होते. फ्रेनिक्ल नावाच्या आपल्या गणिती स्नेह्याला लिहिताना, फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या देतो असे म्हणून, त्याने ६१ आणि १०९ या दोन संख्या सुचविल्या. यातली खोच आता आपल्या ध्यानात आलीच असेल. १०९ चे उत्तर तर ६१ च्या उत्तरालाही मागे टाकणारे, चौदा अंकी आहे. इंग्लंडमध्ये हे आव्हान लॉर्ड ब्राउंकर आणि जॉन वॉलिस यांनी स्वीकारले. ब्राउंकरने रीत शोधून काढली, आणि वॉलिसने हा सारा पत्रव्यवहार १६५८ साली छापून प्रसिद्ध केला. पुढे अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणित्याने या विषयावर लिहिताना रीतीचे श्रेय चुकून जॉन पेल या इंग्रज गणित्याला दिले. पेल विद्वान होता, पण ही रीत त्याची नव्हती. ऑयलरचा शब्द मोठा पडला, आणि तेव्हापासून या समीकरणाला सर्व जगात ‘पेलचे समीकरण’ हे नाव मिळाले. चूक ध्यानात येऊनही नाव बदलले नाही. तलाठ्याच्या दप्तरात एकदा चुकीचे नाव चढले की ते पिढ्यान्‌पिढ्या कसे चालते, हे आपल्यापैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक असेल. विद्येच्या दप्तराची गत फारशी वेगळी नाही.

आता फेर्माच्या आव्हानापासून पाचशे वर्षे मागे चला. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. आपला जन्म शके १०३६ मधला आणि आपले गाव सह्य पर्वताच्या परिसरातले विज्जडविड, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांच्या बीजगणितात ‘वर्गप्रकृति’ या नावाने हाच प्रश्न आला आहे, आणि तेथे त्यांनी उदाहरणासाठी दोन संख्या घेतल्या आहेत : ६७ आणि ६१. एकसष्टचे उत्तर अगदी तेच, आरंभी सांगितलेले.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल, आणि ती आमच्याही मनात आली होती. भास्कराचार्यांनी ६१ घेतले, फेर्मानेही ६१ च घेतले. मग फेर्माने हे कोठून उचलले तर नसेल? बीजगणिताचे फारसी भाषांतर फेर्माच्या हयातीत, १६३४ च्या सुमारास झाले होते, हेही खरे. परंतु ते फेर्मापर्यंत पोचल्याचा कसलाही पुरावा नाही. आणि खरे सांगावयाचे तर या योगायोगाला पुराव्याची गरजही नाही. शंभरच्या आतील सर्व संख्या घेऊन पाहिल्या, तर ६१ चे लहानात लहान उत्तर सर्वांत मोठे आहे. ज्याला रीतीची कसोटी पाहावयाची आहे, तो सर्वांत अवघड उदाहरण निवडणार. आणि सर्वांत अवघड उदाहरण कोणते, हे मराठी, संस्कृत की फ्रेंच यावर अवलंबून नाही. दोन गिर्यारोहक पाचशे वर्षांच्या अंतराने एकाच सर्वोच्च सुळक्यावर चढले, यावरून दुसऱ्याने पहिल्याचा नकाशा चोरला असे ठरत नाही. आपल्या पूर्वजांचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी दुसऱ्यावर चोरीचा आळ घेण्याची काही आवश्यकता नाही.

मग ती रीत होती तरी कशी? श्रोत्यांनी घाबरू नये. गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही. प्राचीनांनी ६१ ला ‘प्रकृति’ म्हटले, जिचा वर्ग करून गुणावयाचे तिला ‘कनिष्ठ’, जे वर्गमूळ निघते त्याला ‘ज्येष्ठ’, आणि जे मिळवावे किंवा वजा करावे लागते त्याला ‘क्षेप’. आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो एकदम साधत नाही, म्हणून जो सहज साधेल तो घेऊन चालावयास लागावे. कनिष्ठ १ धरा. ६१ मध्ये ३ मिळविले की ६४, म्हणजे आठाचा वर्ग. क्षेप १ च्या ऐवजी ३ आला, येऊ द्या.

आता अशी एक संख्या शोधावयाची की तिने कनिष्ठाला गुणून त्यात ज्येष्ठ मिळविला असता क्षेपाने नि:शेष भाग जावा. आणि अशा संख्यांपैकी जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ असेल ती पत्करावयाची. येथे ती संख्या ७. सात आणि आठ पंधरा. तिनाने भाग दिला की ५, हा नवा कनिष्ठ. साताचा वर्ग ४९. तो ६१ पेक्षा १२ ने कमी. बाराला तिनाने भागले की ४, आणि कमी म्हणून तो ऋण. हा नवा क्षेप. पडताळा पाहा : पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, आणि हा ३९ चा वर्ग. क्षेप जोवर सोयीचा होत नाही तोवर हेच पुन्हा पुन्हा करावयाचे. चाक फिरावे तशी ही क्रिया फिरून फिरून येते, म्हणून तिचे नाव ‘चक्रवाल’.

आपल्या उदाहरणात चाकाचा एकच फेरा पुरतो, कारण क्षेप ऋण चार आला की पुढचा रस्ता ब्रह्मगुप्ताने आधीच बांधून ठेवला आहे. ब्रह्मगुप्त हा राजस्थानातील भिल्लमाळचा, म्हणजे आजच्या भीनमाळचा. त्याने इ. स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. दोन उत्तरे हाती असली तर त्यांच्या संयोगाने तिसरे कसे बनवावे, हे त्याने सांगितले. या क्रियेला पुढे ‘भावना’ हे नाव रूढ झाले. एकाचा कनिष्ठ आणि दुसऱ्याचा ज्येष्ठ असे तिरपे गुणाकार करून त्यांची बेरीज घेतली की नवा कनिष्ठ मिळतो. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतिपट मिळविली की नवा ज्येष्ठ. आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. दुधाला विरजण लावून दही करावे आणि त्याच दह्याचे पुढे विरजण करावे, तसा हा प्रकार आहे. एक उत्तर हाती आले की त्यातून दुसरे, त्यातून तिसरे, असा अंत नसलेला प्रवाह सुरू होतो.

आता आपला कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप ऋण ४. दोन्हींची निमपट केली की कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस आणि क्षेप ऋण १. अपूर्णांक आले म्हणून भिऊ नये. ते लवकरच जातात. याची याच्याशीच भावना केली की कनिष्ठ साडेसत्त्याण्णव, ज्येष्ठ सातशे साडेएकसष्ट, क्षेप धन १. याची पुन्हा आधीच्याशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होऊन कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप ऋण १. आणि याची याच्याशीच आणखी एकदा भावना केली की कनिष्ठ २२,६१,५३,९८०, ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९, क्षेप धन १. उत्तर आले! जे एकेक करून तपासण्यात सात वर्षे गेली असती, ते अर्ध्या तासात हाती येते. आम्ही स्वतः कागदावर मांडून पाहिले आहे. आपणही आज घरी गेल्यावर पाहावे.

एवढे केल्यावर त्या मोठ्या संख्येचा स्वभावही उकलतो. तिच्यातून एक वजा करून निम्मे केले तर २९,७१८ चा पूर्ण वर्ग मिळतो. तिच्यात एक मिळवून १२२ ने, म्हणजे एकसष्टच्या दुपटीने भागले, तर ३८०५ चा पूर्ण वर्ग मिळतो. दोन्ही बाजूंना असे दोन खांब, आणि मध्ये ही संख्या. तिला २२,६१,५३,९८० ने भागले तर ६१ च्या वर्गमूळाची किंमत येते, ती दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बिनचूक.

येथवर ऐकून आपली छाती फुगली असेल, आणि थोडी फुगण्यास हरकत नाही. १८१७ साली कोलब्रुकने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर लंडनला प्रसिद्ध केले. पुढे हांकेल या जर्मन इतिहासकाराने आपल्या १८७४ सालच्या ग्रंथात चक्रवालाचा गौरव केला : लाग्रांजच्या आधी संख्याशास्त्रात याहून सुंदर असे काही झाले नव्हते, असा त्याचा अभिप्राय होता. तथापि हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कोणतीही वर्ग नसलेली संख्या घेतली तरी हे चाक नेहमीच एकावर येऊन थांबते काय? ते कायम फिरत राहणार नाही कशावरून? याची सिद्धता भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. फेर्माने आपल्याजवळ सिद्धता असल्याचे १६५९ साली लिहिले, पण ती कधी उजेडात आली नाही. उत्तर नेहमीच असते, हे पुराव्यानिशी प्रथम दाखविले ते लाग्रांजने, १७६८ च्या सुमारास. आणि खुद्द चक्रवाल कधीच फसत नाही, हे दाखविले ते म्हैसूरचे प्राध्यापक कृष्णस्वामी अय्यंगार यांनी, १९२९ च्या सुमारास. रीत एकाची, सिद्धता दुसऱ्याची. आणि दोन्ही मिळूनच गणित पुरे होते. एकाचे मोल सांगण्यासाठी दुसऱ्याचे झाकावे लागत नाही.

आता ते शेवटचे प्रकरण. पेलच्या नावे भलताच मान जमा झाला, म्हणून आपण युरोपियनांना हसलो. पण १९५४ साली लखनौचे डॉ. कृपाशंकर शुक्ल यांनी एक शोध प्रसिद्ध केला. उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराने १०७३ साली ‘सुंदरी’ नावाची एक टीका लिहिली होती. तीत आचार्य जयदेव नावाच्या गणित्याचे श्लोक उद्धृत केलेले आहेत, आणि त्यांत चक्रवाल पुरतेपणी सांगितलेला आहे. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा. म्हणजे त्याच्या निदान सत्त्याहत्तर वर्षे आधी ही रीत अस्तित्वात होती. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने ‘भास्कराचार्यांचे चक्रवाल’ म्हणत आलो! गीतगोविंदकार जयदेव सर्वांना ठाऊक. गणिती जयदेवाचे नाव घेणारा मिळणे कठीण. म्हणजे ऑयलरने जे ब्राउंकरचे केले, तेच आम्ही जयदेवाचे केले.

यात भास्कराचार्यांचा दोष मात्र यत्किंचितही नाही. त्यांनी आपल्या श्लोकात या रीतीला ‘चक्रवाल’ म्हणतात असे सांगितले आहे. मी म्हणतो असे सांगितलेले नाही. आपल्या आधीच्यांनी दिलेले नाव त्यांनी त्यांच्याच पदरी ठेवले. ते शब्द आठशे वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वाचणाऱ्यांना आपला माणूस मोठा करावयाचा होता. माणूस आधीच मोठा होता, पण वाचणाऱ्यांचे लक्ष त्याच्या प्रामाणिकपणाकडे गेले नाही. ब्रह्मगुप्ताची भावना, जयदेवाच्या श्लोकांतले चक्र, आणि ६१ चे ते अवघड उदाहरण निवडून दोन्हींचा संयोग करून दाखविणारा भास्कराचार्यांचा हात, असा हा तीन पिढ्यांचा नव्हे तर पाच शतकांचा एकत्र संसार आहे. त्यात कोणा एकाच्या नावे सातबारा करून घेणे हा उरलेल्यांवर अन्याय होय. अलीकडे काही पुस्तकांत ‘ब्रह्मगुप्त–पेल समीकरण’ असे जोडनाव दिसू लागले आहे. बदल चांगला आहे. पण तो पुरता झाला असे आम्हांस वाटत नाही.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट सांगून हे संपवितो. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथानंतर अवघ्या छप्पन्न वर्षांचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. विद्येची स्तुती संस्कृतात केली. पैशाचा भाग मात्र लोकांना कळला पाहिजे, म्हणून तो मराठीत कोरला! पाटणच्या बाजारात जो माल विकावयास येईल त्यावरचा सरकारी हिस्सा मठाला मिळावा, तेलाच्या घाण्यांवरून पळी पळी तेल मिळावे, अशा तरतुदी त्यात आहेत.

बीजगणिताच्या त्या पाठशाळेत रात्री जो दिवा जळत असेल, त्यात गावच्या तेल्याच्या घाण्यावरचे तेल होते. ज्या कोणा विद्यार्थ्याने तेथे बसून एकसष्टचे उदाहरण सोडविले असेल, त्याच्या उत्तरात त्या तेल्याचाही पळीभर वाटा धरला पाहिजे. त्याचे नाव शिलालेखात नाही, पण त्याचे देणे तेथे नोंदलेले आहे. जयदेवाचे नाव होते, पण ते आम्ही वाचले नाही. जे नोंदलेले आहे ते नीट वाचणे, आणि ज्याचे देणे त्याच्या नावे लिहिणे, एवढे जरी आपण गावोगावच्या अशा सभांतून शिकलो, तरी या व्याख्यानमालांचे चीज झाले असे म्हणावयास हरकत नाही.